संध्याकाळचा निरोप

सोमवार, ६ ऑक्टोबर

श्रीपत सकाळी आला तो खुर्चीवर न बसता पायरीवर टेकला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी अवघड बोलायचं आहे. त्याची वाडी आमच्या वाडीला लागून. आमचं ख्रिश्चनाचं घर, त्याचं हिंदूचं, पण विहिरीचं पाणी दोन पिढ्या वाटून घेतलेलं.

"सर, मागनी खाली आलीय," तो म्हणाला. "काल माझं अर्धं पडवळ गुरांना घातलं. एरॉल होता तेव्हा असं नव्हतं. कोनीतरी मानूस बघा. नायतर बंद करू, आमी परत बाजारात टोपल्या घेऊन बसू."

एरॉल माझा एकुलता मुलगा. अंधेरीची नोकरी सोडून त्याने हे काम काढलं. वसईजवळच्या निर्मळ गावातल्या आम्हा काही घरांची केळी, भाजी, सोनचाफा थेट दहिसर-बोरिवलीच्या घरांत पोचवायचा. १७ जूनला सकाळी क्रेट भरता भरता तो खाली बसला आणि पुन्हा उठला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. एकतीस वर्षांचा होता. आता काम मी चालवतो. मी मराठीचा निवृत्त शिक्षक. चालवतो म्हणजे बंद पडू देत नाही, इतकंच.

एरॉल स्वतःला ग्रोथ हॅकर म्हणायचा. रिटाला वाटायचं, हॅकर म्हणजे चोर. तो तिला समजवायचा, "आई, जाहिरातीवर पैसा न ओतता धंदा वाढवायच्या युक्त्या काढणारा. आज एक करून बघायची, चालली तर ठेवायची, नाहीतर उद्या दुसरी."

तर तसा माणूस हवा. दुपारी जाहिरात लिहिली. प्रश्न विचारणारा असावा. आकडे कळावेत, पण आकड्यांमागे घरं आहेत हे विसरू नये. गिऱ्हाइकांची आणि त्यांच्या मुलांची नावं लक्षात राहावीत. हसरा असावा. चहा घेणारा असावा. उंच असल्यास बरं, वरच्या फळीवरचे क्रेट काढायला सोपं जातं.

रिटाने चष्मा लावून वाचलं, कागद पालथा ठेवला आणि मोगऱ्याला पाणी घालायला गेली. पाणी तिने सकाळीच घातलं होतं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

संध्याकाळचा निरोप पाठवला. ह्याबद्दल इथे अजून लिहिलेलं नाही.

एरॉल रोज संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांच्या ग्रुपमध्ये आपल्या आवाजात निरोप टाकायचा. उद्या काय येणार, कोणाच्या वाडीचं, कसं करून खायचं. तो गेल्यावर सगळं गप्प झालं. मग जुलैत एका संध्याकाळी त्याचा मोबाईल घेऊन बसलो होतो आणि गेल्या वर्षीचा त्याच तारखेचा निरोप ऐकला. तो पुन्हा ग्रुपवर टाकला. लोकांनी अंगठे पाठवले, ऑर्डरी आल्या. तेव्हापासून रोज गेल्या वर्षीचा त्या तारखेचा निरोप पाठवतो. बाहेरच्या गिऱ्हाइकांना तो गेल्याचं कळवायचं राहून गेलं आहे. धंद्याच्या दृष्टीने हे सोयीचंच. पाठवण्याआधी एकदा ऐकतो, आणि नीट गेला ना हे पाहायला पाठवल्यावर पुन्हा एकदा. रिटाला ह्यातलं काही माहीत नाही. तिच्याकडे साधा फोन आहे.

निरोप पुढच्या जूनपर्यंत पुरतील. त्यानंतर काय, हा विचार मी करत नाही.

आज बऱ्याच जणांनी हसण्याची चिन्हं पाठवली. एरॉलच्या बोलण्यात विनोद असायचाच.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

दोन मुलाखती. पहिले गृहस्थ वसईचे, मोठ्या कंपनीतून आलेले. तासभर लॅपटॉपवर आलेख दाखवले. केळी कुठली, कोण पिकवतं, एक शब्द विचारला नाही. चहा तसाच ठेवून गेले.

दुसरी निधी, मनवेलपाड्याची, पंचविशीची असेल. तिने आल्या आल्या वाडी बघायला मागितली. कोणती केळी लवकर पिकतात, पावसात फुलांचं काय करता, गिऱ्हाईक सोडून गेलं तर त्याला कोणी फोन करतं का. प्रश्न चांगले होते. मी मनात हो म्हणत आलो होतो. मग ती म्हणाली, "सर, मी यायच्या आधी तुमच्या ग्रुपमध्ये शिरले. कालचा निरोप ऐकला. एरॉल कुठे असतात?"

"बाहेरगावी," मी म्हणालो.

"ते म्हणतात, शनिवारी दसरा आहे, झेंडू आत्ताच सांगून ठेवा. दसरा तर गेल्या आठवड्यात झाला."

मी रोज तो आवाज ऐकतो. शब्द ऐकत नव्हतो, हे आज कळलं.

तिने भिंतीकडे पाहिलं. एरॉलचा फोटो तिथेच आहे, हारासकट. तिने आवाज खाली आणला. "सर, कामाला घेतलं तर पहिल्या आठवड्यात काय करशील, असं तुम्ही विचारलं होतं. मी हे बंद करीन. लोकांना खरं सांगीन. काही जण जातील. जे राहतील त्यांच्यापासून परत सुरू करू."

कळवतो म्हणालो. ही मुलगी आपल्याला जमणार नाही. हुशार आहे, पण तोंडाळ. धंद्यात जे चाललंय ते आधी मोडणारं माणूस काय कामाचं. शिवाय ठेंगणी आहे.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

माणूस मिळाला. प्रितेश, तुळिंजचा. दारातून वाकून आत आला. रिटाने घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी पुढे ठेवली, ती बोलता बोलता दोन घासांत संपवली आणि आणखी मागितली. रिटा बऱ्याच दिवसांनी हसली.

त्याने मोबाईल मागितला, बराच वेळ चाळला. "सर, बाकी सगळं डाऊन आहे. फक्त हा संध्याकाळचा आवाज लोक शेवटपर्यंत ऐकतात. एकदम घरच्यासारखा आहे. कोण आहेत हे?"

"माझा मुलगा." मग मी सांगितलं. का कोण जाणे, ह्याला सांगता आलं.

"सॉरी सर." तो म्हणाला, "पण हा आवाज म्हणजे तुमच्याकडे सोनं आहे. तुम्ही ते जपून जपून वापरताय."

मला हे बोलणं लागायला हवं होतं. लागलं नाही. सोमवारपासून ये म्हणालो.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. सोनचाफा दुपारीच संपला. श्रीपतची भाजी पूर्ण गेली, त्याच्या घरून करंज्या आल्या. प्रितेश सण टाकून दिवसभर इथेच होता. वरच्या फळीवरचे क्रेट तो हात वर करून सहज काढतो. एकदा मी मागून नुसतं पाहत उभा राहिलो, तर रिटाने कोपर मारलं.

कामाचं सांगायचं तर त्याच्यात सगळं आहे. एक युक्ती चालली नाही तर रडत बसत नाही. कोण किती वाजता ऑर्डर देतं, कोण का थांबलं, सगळं शोधून काढतो. त्याने जुन्या निरोपांतून दिवसांची, सणांची नावं छाटून टाकली. आता चूक व्हायची भीती नाही.

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज जे झालं ते लगेच लिहून ठेवतो.

प्रितेशने एरॉलचे सगळे जुने निरोप कॉम्प्युटरला ऐकवले. आता आपण जे लिहू ते एरॉलच्या आवाजात बोललं जातं. त्याने लिहिलं, "नमस्कार, उद्या श्रीपतदादांच्या वाडीची कारली येतायत, कडू आहेत हं, आधीच सांगतो." आणि एरॉल ते बोलला. ते 'हं' सुद्धा त्याच्यासारखंच.

चार महिने मी जुनंच ऐकत होतो. आज तो नवं बोलला.

प्रितेश माझ्याकडे बघत होता. "सर, चालेल ना? की नको?"

"चालेल," मी म्हणालो. आता जून आला तरी काही बिघडत नाही.

बुधवार, २९ ऑक्टोबर

प्रितेश पोरगा मनाने चांगला आहे. आज निघताना म्हणाला, "सर, तुमच्यासाठी एक बनवलंय. आवडलं नाही तर डिलीट करा."

दिवेलागणीला पडवीत बसून लावलं. "पप्पा, मी आलो. जेवलात का?"

एवढंच. मी परत लावलं. आवाज थोडा मोठा केला.

आतून रिटाच्या पावलांचा आवाज आला. हाताला पीठ तसंच. माझ्याकडे न बघता ती माझ्या पुढून गेली, अंगण ओलांडून फाटकाशी पोचली, कडी काढली आणि एरॉलची स्कूटर आत येईल एवढं फाटक उघडून धरलं. रस्त्याकडे बघत उभी राहिली. रस्त्यावरून कोणीतरी सायकलवरून गेलं. ती तशीच उभी.

मी हाक मारली. ती वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं, जूनमध्येही नाही. तिने माझ्या हातातला मोबाईल पाहिला. फाटकाच्या गजांना पीठ लागलं होतं, ते पदराने पुसत राहिली.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर, धंदा, श्रीपतचं पडवळ. ती आमच्या बोलीत इतकंच म्हणाली, ते मी शाळेच्या मराठीत लिहितो: "तो कामावरून आला म्हणून मी उठले. आता मला परत बसता येत नाही."

रविवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. कबरींवर फुलं घालायला सगळं गाव दफनभूमीत. आमच्याच वाडीतली शेवंती आणि झेंडू. रिटाने कबर धुतली, मेणबत्त्या लावल्या. फादर कबरींवर पाणी शिंपडत पुढे गेले. मी डोळे मिटले तर प्रार्थना आठवेना. खाली एरॉल आहे असं मनाला पटत नव्हतं. संध्याकाळी त्याचा निरोप जायचा होता, वेलची केळ्यांचा. मजकूर मीच लिहिला होता.

रिटा चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

ऑर्डरी एवढ्या की आणखी तीन घरांचा माल घ्यायला लागलो. प्रितेश म्हणतो, आता गिऱ्हाइकाला वाडीपर्यंत आणायचं. निर्मळची जत्रा येतेच आहे. एरॉलच्या आवाजात आमंत्रण गेलं: "जत्रेला या, आमची वाडी बघा, सुकेळी कशी करतात ते दाखवतो."

'दाखवतो' ह्या शब्दापाशी मी अडखळलो. प्रितेश म्हणाला, "दाखवू आपण सर, कोणी का दाखवेना." मी नाही म्हटलं नाही.

आणखी एक सोय त्याने केली आहे. कोणी एरॉलला खाजगी निरोप पाठवला तर आपोआप त्याच्या आवाजात उत्तर जातं. रोज तेच प्रश्न असतात, उद्या येणार का, अळू आहे का. माझा वेळ वाचतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लिहायला हवं, म्हणून लिहितो.

जत्रेचा पहिला दिवस. सकाळपासून लोक आले. मुलं केळीच्या बागेत धावली. सगळ्यांच्या तोंडी एकच: एरॉल कुठे आहे? मी प्रत्येकाला म्हणालो, कामासाठी नाशिकला गेलाय. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते मलाच खरं वाटायला लागलं.

दुपारी ऊन उतरताना एक रिक्षा फाटकाशी थांबली. सत्तरीच्या बाई उतरल्या. डोळ्यांवर काळा चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. घामाने डबडबलेल्या. दहिसरच्या सत्यवतीबाई. एरॉल त्यांचं नाव घरात घ्यायचा. यजमानांच्या शेवटच्या आजारात तो त्यांच्याकडे भाजी पोचवायला गेला की दहा मिनिटं बसून यायचा.

"एरॉल बरा आहे ना हो?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी नाशिकचं सांगायला तोंड उघडलं.

"नाही, कारण तो म्हणाला होता, काकू, मी स्टेशनला घ्यायला येतो. मला डोळ्यांनी नीट दिसत नाही ना. मी विचारलं, येशील का रे? तर हो म्हणाला. मी सकाळपासून नालासोपाऱ्याला पुलाखाली उभी आहे. फोन लावला तर उचलत नाही. निरोप पाठवला तर म्हणतो, काकू, काळजी करू नका, मी येतो. दर वेळी तेच. म्हटलं, असा खोटं बोलणारा मुलगा नाही हा. काहीतरी झालंय. म्हणून शेवटी रिक्षावाल्यालाच विनवलं."

पिशवीतून त्यांनी मोबाईल काढला आणि मला ऐकवला. माझ्या मुलाचा आवाज. मी येतो. मग परत, मी येतो.

प्रितेश माझ्या शेजारी उभा होता. त्याच्या हातातलं केळीचं पान खाली पडलं. पन्नास मुलांच्या वर्गापुढे आयुष्य काढलेला माणूस मी, पण मला त्या एका बाईपुढे एक वाक्य बोलता येईना.

रिटा पायरीवरून उतरली. तिने सत्यवतीबाईंना पाणी दिलं, खुर्ची दिली, त्यांची चप्पल काढून पाय गार पाण्याने धुतले. बाई नको नको म्हणत होत्या. मग त्यांचा हात धरून म्हणाली, "चला, तो कुठे आहे ते दाखवते."

त्या दोघी फाटकातून दफनभूमीच्या रस्त्याला लागल्या. रिटाने त्यांच्या डोक्यावर आपली छत्री धरली होती. मी मागे गेलो नाही.

दीड तासाने आल्या. सत्यवतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "माझे यजमान गेल्यापासून," त्या म्हणाल्या, "मी रोज झोपायच्या आधी एरॉलला मोबाईलवर दिवसभराचं सांगायची. तो दोन शब्द बोलायचा. जूननंतर एकदम गप्प झाला, मग गेल्या आठवड्यात परत बोलायला लागला. मला वाटलं, कामात असेल पोरगा." मग विचारलं, "म्हणजे गेला आठवडाभर मी कोणाशी बोलत होते?"

रविवार, १६ नोव्हेंबर

प्रितेशला सांगितलं, सगळं बंद कर. तो लगेच बसला आणि बंद केलं.

"ऑर्डरी निम्म्या होतील सर."

"होऊ दे."

त्याने लॅपटॉप मिटला. "मी तुम्हाला दर वेळी विचारलं होतं सर. तुमचा चेहरा बघायचो. तुम्हाला इतकं बरं वाटत होतं की मला वाटलं, हे चांगलंच काम आहे."

त्याचं खोटं नाही. त्याने जे दार ढकललं ते प्रत्येक दार मी आतून उघडून दिलं. माणूस नेमताना काय बघावं हे आता मला विचारलं तर मी एकच सांगेन. त्याला विचारावं, कुठली युक्ती चालत असूनही तू करणार नाहीस? पण हेही खरं की ह्याचं नीट उत्तर देणारी मुलगी माझ्या समोर येऊन बसली होती आणि मी तिची उंची बघितली.

प्रितेश जातो म्हणाला. जाताना रिटाच्या पाया पडायला वाकला. तिने त्याला सुकेळीचा पुडा दिला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

काल ग्रुपवर माझ्या आवाजात सांगितलं. तो जूनमध्ये गेला, तेव्हापासून तुम्ही ऐकलंत ते मी पाठवलं, आणि शेवटचं तर त्याचं नव्हतंच. पाच वेळा सुरू करून पुसलं. सहाव्यांदा जसं आलं तसं जाऊ दिलं.

बरेच जण बाहेर पडले. एकाने लिहिलं, मेलेल्या मुलाच्या नावावर केळी विकलीत. काहींनी त्याच्या आठवणी लिहिल्या. कोणाला त्याने रिक्षात विसरलेली पर्स परत आणून दिली होती. हे आम्हाला माहीत नव्हतं. रिटाला वाचून दाखवलं, तिने पुन्हा वाचायला लावलं.

निधीला फोन केला. तिला गोरेगावला नोकरी लागली आहे. "सर, मला खरंच आवडलं असतं," ती म्हणाली. मग म्हणाली, रविवारी मोकळी असते, काही विचारायचं असेल तर विचारा.

श्रीपतला सांगायला त्याच्या वाडीत गेलो. तो अळूला पाणी देत होता. "दोन दिवस बाजारात बसू," म्हणाला, "बाकीचं तुमच्याकडे. आमचं बाजारात बसायचं काय नवीन नाय." मग पाणी बंद करून बांधावर माझ्या शेजारी बसला. एरॉल गेल्यापासून आम्ही दोघं असे बसलो नव्हतो.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज रिटा आपणहून पडवीत आली आणि म्हणाली, "मला लाव."

"काय?"

"त्याचं बोलणं. तू इतके दिवस एकटाच ऐकलंस."

मोबाईल आणला. प्रितेशने सगळे निरोप एका जागी ठेवले आहेत, नुसते आकडे टाकून, आणि मोबाईल भरला म्हणून ग्रुपवरचे मूळचे पुसले आहेत. जुन्या तारखा उरल्या नाहीत. दुपारी त्याला फोन करून विचारलं होतं, एरॉलचे कुठले आणि तुझे कुठले. तो म्हणाला, "सर, वेगळे ठेवायचं सुचलंच नाही. मिक्स झालेत."

मी एक लावला. पडवळाबद्दल होता. पुढचा, सोनचाफ्याची फुलं पाण्यात कशी ठेवायची. रिटा हात मांडीवर ठेवून, मान थोडी कलती करून ऐकत होती, चर्चमध्ये मिस्सेत ऐकते तशी.

तिसऱ्यात तो म्हणाला, "आज आमच्या आईने केळफुलाची भाजी केलीय, तशी कोणाच्याच हाताला जमत नाही." आणि हसला.

रिटाने माझ्या मनगटावर हात ठेवला. "हा आपला की त्याने केलेला?"

मी परत लावला. त्याचं हसणं ऐकलं, हसण्याआधीचा श्वास ऐकला. पाच महिने रोज ऐकलेला आवाज. तो लहान असताना अंधारात नुसत्या खोकल्यावरून मी त्याला ओळखायचो. मी तिसऱ्यांदा लावला. मला सांगता येईना.

ती वाट बघत होती.

"आपलाच," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि म्हणाली, "मग तो परत लाव."